गोविंदाची रेकॉर्डिंगं

कामरगावच्या बसस्टँडजवळ सोजरबाईचं ऑनलाइन सेवेचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, सारं तिथं निघतं. सकाळी शटर वर केलं की ती आधी कारंज्याच्या गुरुमहाराजांच्या फोटोला उदबत्ती लावते आणि मग कॉम्प्युटर सुरू करते. दहावी शिकलेल्या या बाईला हे काम शिकवलं तिच्या लेकानं, गोविंदानं. तेही पुण्यात बसून.

गोविंदाची नोकरीच तशी होती. लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर दुरून जोडून घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि केलेलं काम रेकॉर्ड करून ठेवायचं. कंपनीचा हा नियम त्यानं आईच्या दुकानालाही लावला. प्रिंटर अडला, अर्ज चढेना, की सोजरबाई त्याला फोन लावायची. पदर सावरून फोन कान-खांद्यात दाबायची, हात मोकळे ठेवायची. मग पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागायचा. समोरचं गिऱ्हाईक डोळे फाडून बघायचं.

"काकू, मशीनीत भूत शिरलं काय वो?"

"भूत कायचं रे, माहा पोरगा होय तो."

गोविंदा सांगायचा, "माय, हे सारं रेकॉर्ड होऊन राह्यलं बरं. बोलणंई येते त्यात. कधी माहा फोन नाही लागला तं लावून पाहत जाय."

लावून पाहायची वेळ आलीच नाही. गोविंदा फोन उचलायचाच.

गेल्या वर्षी कामावरून परतताना ट्रकनं त्याच्या गाडीला उडवलं. तो जागीच गेला. सून वैष्णवी तान्ह्या पोरीला, संस्कृतीला घेऊन माहेरी इंझोरीला राहायला गेली. सोजरबाईनं दुकान पुन्हा उघडलं, पण ती रेकॉर्डिंगं उघडायची तिची हिंमत झाली नाही. आहेत, एवढंच तिला पुरत होतं. देवानं एवढं तरी राखलं, असं ती रोज उदबत्ती लावताना मनाशी म्हणायची.

वर्षश्राद्धाला वैष्णवी आली. पाहुणे गेल्यावर भांडी आवरता आवरता म्हणाली, "आई, संस्कृती आता बोबडं बोलते. कोणाच्याई फोटोले बाबा म्हणते. म्हटलं तिले त्याइचा आवाज ऐकवा, तं कुठीच नाही. त्याइचा फोन गेला चुरा होऊन. लग्नाच्या शूटिंगवर त्या फोटोवाल्यानं निरे गाणेच चढवले."

सोजरबाईनं हातातली परात खाली ठेवली. "आवाज हाय नं माय. माह्या दुकानात हाय. ढीगभर हाय. उद्या चाल, पोट भरून ऐक."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शटर अर्धंच वर केलं, गिऱ्हाईक नको म्हणून. वैष्णवीला खुर्ची दिली. पोर तिच्या मांडीवर. गुरुमहाराजांना हात जोडून सोजरबाईनं पहिलं रेकॉर्डिंग लावलं.

पडद्यावर बाण हलला. वैष्णवीनं पोरीला पुढं धरलं. "पाह्य, बाबा बोलतीन आता."

"हं, बोल," सोजरबाईचाच आवाज आला. मग शांतता. "कुठी? खालती?" पुन्हा शांतता. बाण एका चौकोनाभोवती गोल गोल फिरला. "हो रे बाप्पा, दिसलं!"

"आवाज वाढवा नं, आई."

तिनं पूर्ण वाढवला. पंख्याची घरघर आली, एसटीचा हॉर्न आला, तिच्या बांगड्या वाजल्या. तिनं दुसरं लावलं. तिसरं लावलं.

"मी जेवली. तू जेवला काय?" शांतता. "असं उपाशी नको राहत जाऊ." शांतता.

सोजरबाईचा हात आपोआप कानाकडे गेला. कॉम्प्युटरनं दुकानातलं बोलणं घेतलं होतं. गोविंदाचं बोलणं फोनमधून निघून थेट तिच्या कानात गेलं होतं. ते तिनं एकटीनं ऐकून संपवलं होतं.

"माय वो," ती एवढंच म्हणाली.

वैष्णवी रडली नाही. एकेक रेकॉर्डिंग लावत राहिली. एका ठिकाणी बराच वेळ काहीच नव्हतं, नुसता बाण एका जागी थांबलेला. आणि एकदम सोजरबाई हसली. खदखदून, श्वास लागेपर्यंत. "चाल, चावट कुठचा!" ते ऐकून मांडीवरची पोरही हसू लागली.

"इथी काय म्हणले ते?" वैष्णवीनं विचारलं. "सांगा नं, आई. तुमी एवढ्या हासल्या. काहीतरी म्हणलेच असतीन नं."

सोजरबाईनं डोळे मिटले. कोणतं गिऱ्हाईक होतं, काय अडलं होतं, आठवून आठवून पाहिलं. मनचं काही सांगितलं असतं तर सुनेनं ते खरं धरलं असतं, पोरीला पुढं सांगितलं असतं. तसं काहीतरी तिच्या ओठांवर आलंही. पण लेकाच्या तोंडी खोटं कसं घालावं?

"नाही आठवत वो बाई," ती म्हणाली. "मले काही म्हणजे काहीच नाही आठवत."

वैष्णवीनं रेकॉर्डिंग मागं नेलं. बाण पुन्हा थांबला. तिघी ऐकत बसल्या. कॉम्प्युटरमधली सोजरबाई पुन्हा खदखदून हसली.