अठरा पूर्ण, पोटगी बंद

मला अठरा वर्षं पूर्ण झाली त्या महिन्यात धुळ्याहून मनीऑर्डर आली नाही. पुढच्या महिन्यातही नाही. पोस्टमन आमच्या दारासमोरून सायकल जरा जोरातच मारायला लागला.

आईवडील वेगळे झाले तेव्हा मी दुसरीत होते. नाना, म्हणजे माझे वडील, धुळ्याला आग्रा रोडवर ट्रकच्या जुन्या टायरांना नवं रबर चढवायचे. आई जळगावात एका डाळ मिलमध्ये कामाला होती. कोर्टाने माझ्यासाठी पोटगी बांधून दिली होती आणि नाना ती कटकट न करता पाठवत. स्वतः मात्र कधी आले नाहीत.

आम्ही वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "मुलगी सज्ञान झाली. पोटगी संपली."

"पण ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे," आई म्हणाली.

"कायद्याला त्याचं काही नाही."

म्हणजे अठरा वर्षं एक दिवस झाला की माणसाला भूकही लागत नाही आणि कॉलेजची फीही. मी तसं बोलूनही दाखवलं. वकिलांनी माझ्याकडे न बघता आईला सांगितलं, "दुसरा एक मार्ग आहे. लग्न होईपर्यंत मुलीचा खर्च बापाकडे मागता येतो. त्याला वेगळा दावा लावावा लागेल. आधी नोटीस पाठवू."

नोटीस गेली आणि आठवड्याच्या आत नाना आमच्या दारात उभे. डोक्यावर केस कमी आणि हातात केळ्याच्या वेफर्सचा पुडा. जळगावात येताना केळ्याचे वेफर्स आणणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

"पोरीसाठी स्थळ आणलंय," ते म्हणाले.

नोटिशीतलं 'लग्न होईपर्यंत' एवढंच त्यांनी नीट वाचलेलं दिसत होतं. मुलगा पारोळ्याचा, घरचे चार ट्रक, टायर सगळे नानांकडेच येत. पुढच्या रविवारी धुळ्याला, माझ्या आत्याकडे बघायचा कार्यक्रम.

ते गेल्यावर मी आईशी भांडले. ती वेफर खात म्हणाली, "जाऊन येऊ. नाही म्हणायला तोंड आहे ना तुला?"

रविवारी आम्ही एस.टी.ने गेलो. आत्याने माझ्या हातात पोह्यांचा ट्रे दिला. मुलगा सोफ्याच्या कडेला बसून गुडघ्याकडे बघत होता. त्याचे वडील धोतर-टोपीतले, अंगाने दणकट. त्यांनी विचारलं, "पोरगी शिकेल शे का?"

नानांची छाती पुढे आली. "कॉलेजात आहे. सायन्सला. पोरीच्या शिक्षणाला मी कधी हात आखडला नाही. म्हणेल तिथवर शिकवीन."

आत्या छताकडे बघायला लागली. आई अगदी गोड आवाजात म्हणाली, "हो, पुढची दोन वर्षंही तेच भरणार आहेत."

"मंग शिकू द्या तिले," ट्रकवाले म्हणाले. "आमना पोऱ्या दहावी नापास. घरमा एक तरी ग्रॅज्युएट पाहिजे. आम्ही थांबसूत."

मुलाने पहिल्यांदा मान वर केली. दोन वर्षं सुटका झाल्याचा आनंद त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होता. नानांना पोह्यांवरच्या शेवेचा ठसका लागला. मीच पाणी आणून दिलं.

मनीऑर्डर पुन्हा सुरू झाली. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकासमोर शब्द गेला होता. आमचे वकील तेवढे नाराज झाले, त्यांचा दावा बुडाला.

त्या मुलाने वर्षभरातच चोपड्याच्या एका मुलीशी लग्न केलं, बापाला न विचारता. नानांना आता पैसे थांबवायला हरकत नव्हती. आम्ही महिनाभर जीव मुठीत धरून बसलो. पण पैसे आले. का, ते त्यांना विचारायचं माझं धाडस झालं नाही. आत्या म्हणायची, दुकानात येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला तो 'माझी पोरगी सायन्सला आहे' असं ऐकवतो, आता माघार घेणार कशी?

बी.एस्सी.चा निकाल लागल्यावर मी एकटीच त्यांच्या दुकानात गेले. जळक्या रबराच्या वासात त्यांनी गुणपत्रिका उलटसुलट पाहिली, हात काळे म्हणून नुसत्या दोन बोटांत धरून. शेजारच्या हॉटेलातून शेवभाजी मागवली. जेवताना म्हणाले, "आता बंद करू ना?"

"करा."

"नोकरी लागल्यावर पोरीलाही बापाला पोटगी द्यावी लागते म्हणे. मी वकिलाला विचारलंय."

"लावा की दावा," मी म्हटलं.

ते हसले. आत्यासारखंच खांदे हलवत हसतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मग त्यांनी माझ्या ताटात आणखी रस्सा वाढला आणि दुकानातल्या पोऱ्याला दुसरी भाकरी आणायला पिटाळलं.