मागचा ॲक्सल आणि आमचे हे

नवी पिकअप घ्यायची हे ठरलं होतं. रंग पांढरा, हेही भांडणाशिवाय ठरलं होतं. घोडं अडलं होतं ते मागच्या ॲक्सलवर.

शिराळ्याच्या अलीकडे आमची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. रोपं मी वाढवते आणि शेतकऱ्याच्या बांधावर पोचवतात आमचे हे. यांची उभी नोकरी सैन्याचे ट्रक चालवण्यात गेली. निवृत्त होऊन आले ते पिकअपच्या स्टिअरिंगवर बसले, आणि रस्त्यावर ती गाडी दुसऱ्या कुणाला म्हणून चालवू दिली नाही. गेल्या वर्षी जुनी गाडी थकली आणि पाठोपाठ हेही थकले. छातीत कळ आली, कराडला नेलं, स्प्रिंगा बसवल्या. जड ओढायचं नाही, ढकलायचं तर मुळीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. हे म्हणाले, "व्हय साहेब." सैन्यातली माणसं हे दोन शब्द फार सुंदर म्हणतात. त्याचा अर्थ 'ऐकलं' एवढाच होतो, 'करीन' असा होत नाही, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं.

आमच्या धंद्याची खोड अशी, की रोपांना मागणी येते ती ऐन पावसाळ्यात. पाणंदीत गुडघाभर चिखल असतो आणि ट्रे भरलेली गाडी त्यातूनच न्यावी लागते. मग एखादं मागचं चाक रुततं. रुतलेलं चाक गरागरा फिरतं आणि दुसरं, कोरड्यावरचं चाक लग्नात रुसलेल्या जावयासारखं जागचं हलत नाही. अशा वेळी हे चाकाखाली उसाचं पाचट कोंबायचे, शेतकऱ्याला स्टिअरिंगवर बसवायचे आणि स्वतः मागून खांदा लावायचे. ट्रॅक्टर बोलावून गाडी ओढून घेणं यांना कमीपणाचं वाटे. "मिल्ट्रीच्या ड्रायव्हरची गाडी ट्रॅक्टरनं वडायची? लोक काय म्हंतील?" लोक काही म्हणत नाहीत, लोकांना त्यांचे उद्योग आहेत, पण हे यांना कोण सांगणार?

स्प्रिंगा बसवल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात यांनी गाडी ढकलली. मला ते एका शेतकऱ्याच्या बायकोकडून कळलं. रोपं छान आहेत म्हणून सांगायला तिने फोन केला होता, आणि बोलता बोलता म्हणाली, "दादांनी लय जोर लावला बघा." मी फोन हातात घेऊन तशीच उभी राहिले. संध्याकाळी हे आले तेव्हा मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हय."

तेव्हापासून यांची गाडी पाणंदीकडे वळली की मला काही सुचत नसे. रोपांना पाणी घालताना एकच वाफा दोनदा भिजवायची. म्हणून सांगलीच्या शोरूममधल्या माणसाने 'लिमिटेड स्लिप' हा शब्द उच्चारला तेव्हा मला देवच पावला. साध्या ॲक्सलमध्ये इंजिनाचा जोर घसरणाऱ्या चाकातून वाया जातो, या ॲक्सलमध्ये तो दुसऱ्या चाकाकडेही जातो, एका चाकाला पकड असली की गाडी निघते, असं त्याने समजावलं. मी लगेच म्हणाले, "हाच द्या."

"थांब की," हे म्हणाले. "आपलं रान काळं. दोनी चाकं चिखलात गेली तर ह्यो ॲक्सल काय करणार? दोनी फिरत्याली. आन् वल्या उतारावर गाडीचं शेपूट सरळ कडंच्या चारीत जाईल."

बोलणं खोटं नव्हतं, तेच तर चिडवणारं होतं. शोरूममधला माणूसही मान डोलावू लागला. बुकिंग तसंच राहिलं.

यांचे सैन्यातले एक सोबती वडूजच्या बाजूला राहतात. त्यांच्या पिकअपला हा ॲक्सल होता. मी गुपचूप त्यांना फोन केला. भला माणूस. आठवडाभर तुमची गाडी मी तिकडे वापरतो, माझी तुम्ही वापरून बघा, म्हणत गाडी घेऊनच दारात हजर झाला. चहा पिताना ते म्हणाले, "आमच्याकडं वढ्याच्या वाळूत लय कामाची हाय. फकस्त एक ध्यानात ठेव गड्या. मागचं एक चाक जॅकवर घिऊन गिअर टाकायचा न्हाई. साध्या गाडीत उचललेलं चाक नुसतं फिरतं. हिच्यात जमिनीवरचं चाक बी जोर धरतं, आन् गाडी जॅकवरनं उडी मारती."

"मला शिकवतोस व्हय रं?" हे हसले. तेही हसले. मी हसले नाही.

कारण आमच्या घरात हे नेहमीचं काम होतं. चाकातून खरखर ऐकू आली की हे पुढच्या चाकांना दगड लावायचे, मागचं चाक जॅकवर उचलायचे आणि मातीत आडवे होऊन चाकाशी कान न्यायचे. मी स्टिअरिंगवर बसायची. हे खालून ओरडायचे, "टाक!" मी क्लच दाबून पहिला गिअर टाकायची. मग, "सोड!" मी क्लच हळूच सोडायची. चाक हवेत फिरायचं आणि बेअरिंग बोलतंय की ड्रममध्ये खडा अडकलाय, हे यांना बरोबर कळायचं. कुपवाडच्या गॅरेजवाल्याने मागे एकदा यावरून आम्हाला चांगलंच झापलं होतं, पण दर वेळी तिथवर गाडी कोण नेत बसणार? माझी गाडी चालवण्याची विद्या एवढीच, क्लच आणि पहिला गिअर. रस्त्यावर मी कधी चालवली नाही.

आता माझ्या जिवाला दोन्हीकडून घोर लागला. साधा ॲक्सल घ्यावा तर हे चिखलात खांदा लावणार. नवा घ्यावा तर ही सवय. इकडे आड तिकडे विहीर. स्वयंपाक करताना मी मनातल्या मनात घोकायची, जॅक दिसला की ओरडायचं, जॅक दिसला की ओरडायचं.

गाडीने काम मात्र छान केलं. पहिल्याच खेपेला मी हट्टाने सोबत गेले. पाणंदीत डावं चाक खोल रुतलं, उजवं मुरमावर होतं. हे शिवी हासडून खाली उतरायला निघाले. मी दंड धरला आणि म्हणाले, "आवं, आधी जरा रेस देऊन तर बघा." यांनी गाडीला बेताने जोर दिला. गाडी थरथरली, जरा कण्हली आणि सुटली. हे मिशीत हसले. मी तिथेच ठरवून टाकलं, हाच घ्यायचा. सवयीचं काय, ती मी मोडीन.

परतताना मागून खरखर येऊ लागली.

अंगणात गाडी लावून मी हातपाय धुवायला गेले. मागून यांची हाक आली, "ये गं जरा." गेले. मनात गाडी सुटल्याचा आनंद होता. यांनी दगड लावले होते, चाक उचललं होतं आणि हे मातीत आडवे झाले होते. मी दार उघडून बसले, किल्ली फिरवली, क्लच दाबला.

"टाक!"

मी टाकला.

रोज जे घोकत होते त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. डावा पाय क्लचवर, हात गिअरवर, कान यांच्या पुढच्या शब्दाकडे. 'सोड' आलं की पाय उचलायचा, एवढंच डोक्यात.

'सोड' काही येईना. मला वाटलं, खडा बघत असतील. मग आरशात हे दिसले, हातावर रेटा देऊन मागे सरकत होते. उठले, चिखलाने भरलेले तसेच माझ्या दाराशी आले, खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग किल्ली काढून मुठीत धरली. ते पाहिलं आणि मग मला सगळं आठवलं.

क्लचवरचा पाय काही केल्या उचलेना. यांनी खाली वाकून माझा पाय हातांनी उचलला आणि बाजूला ठेवला. मी रडायला लागले. हे दाराला टेकून उभे राहिले.

मग म्हणाले, "मी ग्येलो असतो तर ग्येलो असतो. पर तुज्या पायानं झालं असतं गं. तू कशी जगली असतीस?"

दुसऱ्या दिवशी यांनी सोबत्यांना गाडी परत केली आणि आम्ही सांगलीला गेलो. मी वाटेत म्हणाले, सवय मोडू, जॅकच घरात ठेवायचा नाही. हे म्हणाले, सवय ध्यानात असताना मोडती, ध्यानात नसताना न्हाई. शोरूममध्ये यांनीच साधा ॲक्सल सांगितला.

"आणि चिखलात?" मी विचारलं.

"ट्रॅक्टर बोलवीन."

"ढकलणार न्हाई?"

"न्हाई." 'व्हय साहेब' म्हणाले नाहीत, नुसतं 'न्हाई' म्हणाले.

या पावसाळ्यात एकदा दुपारी फोन आला. गाडी रुतली होती, ट्रॅक्टर सांगितला होता, हे बांधावर बसले होते. मी म्हणाले, खरं सांगा, खांदा लावला का? शेतकऱ्याला फोन द्या. नाहीतर गाडीचा फोटो पाठवा, तुमच्या सदऱ्याचा पाठवा. चिखल कुठे कुठे लागलाय ते मला बघू दे.

हे म्हणाले, "त्या दिशी मी सोड म्हनलो न्हाई, म्हून तू पाय उचलला न्हाईस. माज्या शब्दावर हुतीस नव्हं? मग आता बी ऱ्हा की."

मी बरं म्हणून फोन ठेवला आणि पुन्हा केला नाही. हे घरी येईपर्यंत एकच वाफा तीनदा भिजवला, ते सोडा.