शिवशरणच्या कार्डाची कुस्ती

शिवशरण आमच्या गल्लीत आला तेव्हा मी त्याला पक्का येडा समजले होते. गडहिंग्लजकडचा पोरगा, घरात कन्नड, बाहेर मराठी आणि भांडताना दोन्ही. गंगावेशीजवळ त्यानं मोबाईलच्या कव्हरांची, चार्जरची टपरी टाकली. दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. मेमरी कार्ड नावाचं नखाएवढं प्रकरण तेव्हा नुकतंच गल्लीबोळात पोचलं होतं. भारी कंपनीचं कुणाला परवडायचं? शिवशरण विकायचा ती स्वस्तातली. वर लिहिलेलं दोन जीबी, आत मावायचं त्याच्या निम्मं. त्याच्यावर भरत राहिलं की आधीचं बाद. गाण्याचं नाव दिसायचं, गाणं काही वाजायचं नाही.

मग गिऱ्हाईक टपरीवर येऊन आईबाप काढायचं. बाकीचे दुकानदार हात वर करायचे. शिवशरण म्हणाला, आपण कार्डाला तालीम द्यायची. आणि खरंच द्यायला लागला की! कार्ड फोनमध्ये घालून आमच्या गोठ्यात यायचा आणि म्हशी रवंथ करतात त्याचं शूटिंग घेत बसायचा. काठोकाठ भरलं की पहिलं बघायचा, शेवटचं बघायचा, सगळं पुसायचा, पुन्हा भरायचा. त्यातनं तरलेलं कार्ड मलकापूरच्या दुधाच्या टेम्पोत धक्के खायला जायचं, मग गुऱ्हाळाच्या चुलवाणाशेजारी तापायला. दगा देईल ते ‘चितपट’ म्हणून बरणीत. असल्या माणसाला पोरगी कोण देणार, असं माझी आई धोंडुबाई त्याच्या तोंडावर म्हणायची.

पण तिचंच काम त्याच्यापाशी अडलं. माझा धाकटा भाऊ कृष्णात पैलवान. आईनं त्याला बदाम वाटून घातले, दूध पाजलं, मातीनं माखलेले लंगोट धुतले. पण त्याची कुस्ती एकदाही बघितली नव्हती. आमच्यात बायका मैदानात जायच्या नाहीत. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, घरी येऊन सांगायचं, “मारली.” झालं, संपली कुस्ती. मला असला संताप यायचा! त्या वर्षी हातकणंगल्याकडच्या एका जत्रेत कृष्णातची मोठी जोड ठरली, आणि आई तडक टपरीवर गेली.

“शिवशरणा, मरायच्या आदी माझ्या लेकाची कुस्ती मला बघायची हाय. तुझ्या त्या टिकलीत बसंल का?”

“बसवतो की, अव्वा,” तो म्हणाला.

त्यानंतर त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. कुस्ती लांबली तर? मधेच कार्डानं माती खाल्ली तर? टपरीतली सगळी कार्डं त्यानं पुन्हा तालमीला काढली. म्हशीसुद्धा त्याला बघून तोंड फिरवायला लागल्या. शेवटी एक कार्ड निवडलं आणि देवाला हात लावून खिशात घातलं.

जत्रेहून सगळे आले ते गुलालात न्हाऊनच. कृष्णातनं कुस्ती मारली होती! आईनं फोन नाकापाशी धरला, मी तिच्या खांद्यावरनं डोकावले. कृष्णातनं शड्डू ठोकला, सलामी झडली, एकदम स्वच्छ दिसत होतं. मग त्यानं पटात घुसून पाय धरला, आणि शिवशरणचाच कन्नडमधनं ‘धर! धर!’ असा आवाज आला, “हिडी! हिडी!” त्याबरोबर सगळं आभाळ. मग कुणाचा तरी फेटा. मग शिवशरणची चप्पल. परत आभाळ. अंगात कोल्हापूर भिनलेला गडी, फोन धरलेला हात वर करून नाचत होता लेकाचा! अख्खी कुस्ती संपेपर्यंत कार्ड कुठं अडखळलं नाही, कुठं थांबलं नाही. आभाळ मात्र बघून घ्यावं.

मी त्याला जे फाडून खाल्लं, ते सांगण्यासारखं नाही. तो मान खाली घालून म्हणाला, “अक्का, कार्ड टिकलं. मीच पडलो.”

आईचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. ती ते आभाळ शेवटपर्यंत बघत होती. आतनं हजारो माणसं तिच्या लेकाच्या नावानं ओरडत होती. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. फोन खाली ठेवून ती आबांकडं वळली.

“फुडच्या मैदानाला मी सोता येणार.”

आबांनी टोपी काढली, गुलाल झटकला.

“पदर घट बांधून घे,” ते म्हणाले. “धुरळा लई उडतोय तितं.”

पुढच्या मैदानात आम्ही मायलेकी पार आखाड्याला खेटून बसलो. आईच्या शेजारी शिवशरण होता, फोन टपरीत कुलूप लावून ठेवून आलेला. सलामी झडली आणि शिवशरणच्या आधी आईच ओरडली.