हिराजीने चावी खिशात घातली

हिराजीकडे गाडी नेली की तो बॉनेटकडे ढुंकूनही बघायचा नाही. गाडीच्या मागे जाऊन उकिडवा बसायचा आणि भर उन्हात ओरडायचा, "सगळे दिवे एकदम लावा!" पार्किंग, इंडिकेटर, ब्रेक, सगळं एकाच वेळी. "एकेकटा पेटवून काय बघता? एकेकटे सगळेच शाने. घोळक्यात काय करतात ते बघायचं."

हिराजी तांडेल समुद्रकाठच्या दांडी गावचा. घरच्या बोटीचे दिवे करता करता हात बसला आणि त्याने बोईसरला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं. मी कराडकडचा, इथल्या कारखान्यात तीस वर्षं मोजमापाची यंत्रं सांभाळलेला. आमची गट्टी जमली ती भांडणातूनच. माझ्या हातात वीज मोजायचा मल्टिमीटर, त्याच्या हातात दोन वायरींना जोडलेला साधा बल्ब. मी त्या बल्बला हसायचो. तो म्हणायचा, "साहेब, तुमचा मीटर खोटं नाय बोलत. पन पुरं पन नाय सांगत."

निवृत्तीनंतर मी एक जुनी मिनीबस घेऊन तिची घरगाडी केली. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. तिला तासभरही बसवत नव्हतं. मागे तिच्यासाठी बिछाना केला. मागचा फायबरचा भाग बसवला, बाहेरच्या दिव्यांचं वायरिंगही मीच केलं. हिराजीला हात लावू दिला नाही. शहाणपणा, दुसरं काय!

एका सकाळी कराडहून भाच्याचा फोन आला. सुनंदाची थोरली बहीण, अक्का, शेवटच्या घटका मोजत होत्या. आई गेल्यावर सुनंदाला त्यांनीच वाढवलं होतं. "मावशीला आजच आणा," भाचा म्हणाला. सातला आम्ही पालघरच्या घरातून निघालो.

वाटेत मासवणला बकरी आडवी आली. मी ब्रेक दाबला आणि मागचा टेम्पो आमच्या बाजूने सणसणत शेताच्या बांधावर गेला. ड्रायव्हर उतरून माझ्या अंगावरच आला. "अंकल, ब्रेक मारते ही आपकी सारी बत्ती बुझ गई!" मी खाली उतरून एकेक दिवा लावून पाहिला. सगळे पेटले. मीटरने बारा व्होल्ट दाखवले. मी त्या ड्रायव्हरलाच चार शब्द सुनावले.

आतून सुनंदा म्हणाली, "हिराजीभाऊंना फोन करा. मागे मी झोपलेय, तुम्ही नाही."

पाऊण तासात तो स्कूटरवरून आला. "सगळे दिवे एकदम लावा." मग म्हणाला, "आता ब्रेक." मागचे लाल दिवे विझले आणि भलताच इंडिकेटर मिणमिणू लागला. त्याचा तो बल्बही मंद झाला. त्याने बॅटरीच्या मायनसवरून एक लांब वायर ओढून दिव्यांना लावली आणि सगळे लख्ख पेटले. जेमतेम दहा मिनिटं लागली.

"झालं! हीच वायर बांध, निघतो आम्ही."

त्याने चावी काढून खिशात घातली. "फायबरमधून करंट परत जात नाय. ही बोटच हाय. दिवे जितके, परतीच्या वायरी तितक्या. तुमी सगळे एकाच स्क्रूला लटकवलेत." त्याने जुन्या वायरीवरचं प्लॅस्टिक सोललं. आतलं तांबं हिरवं पडून भुगा झालं होतं. "खाऱ्या हवेनं पार खाल्लंय. सगळ्या नव्या ओढायला अडीच तास लागतील."

माझं डोकंच फिरलं. "अरे, तिची बहीण जातेय तिकडे!" मी त्याची कॉलर धरली. त्याने सोडवून घेतली नाही.

"धरा. पन चावी नाय देनार. ही वायर खड्ड्यात सुटली तर? वहिनी मागं झोपल्यात."

तो गाडीखाली पाठीवर पडून काम करत होता आणि मी रस्त्याकडेच्या दगडावर बसून त्याला ऐकू जातील अशा शिव्या घालत होतो. सुनंदा आतून दर पाच मिनिटांनी वेळ विचारत होती. पावणेअकराला त्याने चावी दिली.

पुण्याच्या पुढे समोरची कार अचानक थांबली. मी ब्रेकवर उभाच राहिलो. मागचा ट्रक किंचाळत आला आणि वीतभर अंतर ठेवून थांबला. सुनंदाला "काही नाही, पड तू" म्हणालो आणि गाडी पुढे काढली.

पावणेसातला कराडला पोचलो. अक्का पाचला गेल्या होत्या.

अक्कांचे दिवस उरकून परतलो, तर हिराजी सुके बोंबील घेऊन दारात हजर. "भेटल्या ना वहिनींच्या ताई?" मी मान खाली घातली. सुनंदा पडल्या पडल्या ताडकन म्हणाली, "भेटली. डोळे उघडून हाक मारली मला." तो "बरं झालं" म्हणाला, चहा प्यायला आणि गेला.

"खोटं कशाला बोललीस?" मी चिडलो.

"त्या ट्रकचे ब्रेक मीही ऐकलेत," ती म्हणाली.

गेल्या वर्षी हिराजी हृदयविकाराने गेला. आम्ही दांडीला त्याच्या घरी भेटायला गेलो. सुनंदा त्याच्या बायकोजवळ टेकली. त्याची बायको म्हणाली, "तुमच्याकडनं आले ना बोंबील देऊन, त्या दिवशी जेवले नाय. म्हनाले, ताई गेल्यावर पोचली ती मानसं, साहेबांच्या तोंडावर दिसत होतं. वहिनी माझ्यासाठी खोटं बोलल्या. पन पुन्हा तीच वेळ आली, तरी गाडी सोडली नसती."

अक्का गेल्या तेव्हा सुनंदाच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. तिथे, हिराजीच्या ओट्यावर, ती हमसून हमसून रडली. मलाही आवरलं नाही.