अल्जेझूरच्या चढावरचं ‘नको’

डेट्रॉइटच्या विमानतळावर माझ्या नवऱ्याने, अविनाशने, माझ्या हातातून बॅग तिसऱ्यांदा घेतली आणि मी ती तिसऱ्यांदा परत घेतली.

“अगं, गुडघा,” तो म्हणाला.

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं होतं. फिजिओथेरपिस्टने सायकल चालवायला सांगितलं होतं. ते तळघरातल्या, जागेवरच फिरणाऱ्या सायकलबद्दल होतं, असं अविनाशचं म्हणणं. मी पोर्तुगालचं बुकिंग केलं.

सहल अशी होती: पोर्तुगालच्या नैर्ऋत्य किनाऱ्याने सायकलवर दक्षिणेकडे जायचं, साग्रेशच्या टोकापर्यंत. सामान व्हॅनमध्ये. जो थकेल तोही व्हॅनमध्ये. डेट्रॉइटजवळच्या आमच्या नोव्हायमधल्या मंडळींना ही कल्पनाच विचित्र वाटली. “फिरायला जा ना, पण सायकलने कशाला?” रत्नमालाकाकू म्हणाल्या. “गाड्या बनवणाऱ्या गावात राहतो आपण.” काकू आमच्यात सगळ्यात वडील, मूळच्या नागपूरच्या. आणि माझा नवरा गाड्यांच्या सीट डिझाइन करतो, त्यामुळे टोमणा दोघांनाही लागला.

मी कोणाशी वाद घातला नाही. ऑपरेशननंतर लोकांना माझ्या हातातल्या वस्तू काढून घ्यायची सवय लागली होती. आधी किराण्याच्या पिशव्या गेल्या, मग गाडीची किल्ली, मग धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या जेवणाची व्यवस्था, जी कित्येक वर्षं माझ्याकडे होती. “तू बस, आम्ही बघतो.” मी पक्कं ठरवलं होतं की साग्रेशपर्यंत माझ्याच पायांनी जायचं. त्या व्हॅनमध्ये एकदा जरी बसले असते, तरी परतल्यावर बसणं हेच माझं काम झालं असतं.

तयारीत अडचण एकच होती. नोव्हाय तव्यासारखं सपाट आहे. चढ म्हणून मला मॉलचं बहुमजली पार्किंग सापडलं. रविवारी सकाळी, दुकानं उघडायच्या आधी, मी तिथल्या उतरणी उलट्या चढत असे. वॉचमनने दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा त्याने दुसरीकडे पाहिलं.

लिस्बनहून व्हॅनने आम्हाला पोर्तु कोवु या गावी आणलं. पांढरीशुभ्र बुटकी घरं, प्रत्येकाला खालून निळा पट्टा, आणि रस्ता संपतो तिथे कडा. खाली अटलांटिक, अखंड आपटत असलेला. सायकली भाड्याच्या होत्या. मी माझ्या सीटची उंची मोजून आणली होती, ती लावून घेतली. दोन ट्यूब, पाना, ओआरएसची पाकिटं, दशम्या आणि लसणाची चटणी हँडलवरच्या पिशवीत गेली. बाकीचे सगळे अमेरिकनच, बहुतेक ओहायोचे, माझ्याहून वयाने मोठे आणि माझ्याहून वेगवान.

व्हॅन चालवणारा आणि वाट दाखवणारा माणूस एकच, रुई. चाळिशीचा, कमी बोलणारा. पहिल्या रात्री जेवताना तो माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, “तुमच्या नवऱ्याचा फोन आला होता.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, चढ आला की तिला व्हॅनमध्ये बसवा. ती नाही म्हणेल. तिच्या नाही म्हणण्याकडे लक्ष देऊ नका, आग्रह करा.” रुईने पाव मोडला. “मला नीट कळलं नाही. तुम्ही नाही म्हणालात तर त्याचा अर्थ काय धरायचा?”

काय सांगणार? आमच्याकडे पहिलं ‘नको’ कोणी मोजतच नाही. ते म्हणायचंच असतं. दुसरं नम्रतेचं, आणि तिसऱ्यालाही वाढणारा ताटात पोळी टाकतोच. नवऱ्याने माझा अपमान केला नव्हता. त्याने फक्त मला पंगतीतल्यासारखं वागवलं होतं.

“नाही म्हणजे नाहीच धरा,” मी म्हटलं.

“बरं. कारण मी एकदाच विचारतो. रस्ते अरुंद आहेत, व्हॅन वळवायला जागा नसते. एकदा पुढे गेलो की गेलो.”

पहिले दोन दिवस विचारायची वेळ आली नाही. वारा पाठीशी होता. समुद्रातून उभ्या राहिलेल्या सुळक्यांच्या टोकांवर करकोच्यांची घरटी दिसली. एवढ्या माळरानात झाडं सोडून लाटांच्या डोक्यावर संसार थाटायचा, हा हट्ट मला पटला. रस्त्यालगत बाटल्यांची बुचं ज्यांच्या सालीची होतात ती झाडं, खालची साल सोलून काढलेली, खोड विटकरी रंगाचं. दुपारी सूप मिळालं: लसूण, शिळा पाव, अंडं आणि मूठभर कोथिंबीर. याला इथे ‘असोर्दा’ (पावाचं सूप) म्हणतात. वाफेबरोबर कोथिंबिरीचा वास आला आणि मी ओहायोच्या मंडळींकडे न बघता दोन बाऊल संपवले.

अल्जेझूरला रस्ता समुद्र सोडून डोंगरात शिरतो. त्या दिवशी मार्मेलेत नावाच्या डोंगरातल्या गावी जेवण होतं आणि तिथवर चढच चढ. माझ्या दशम्या संपल्या होत्या. सकाळी हॉटेलात मी कॉफी आणि एका बिस्किटावर निघाले, कारण मला सगळ्यांच्या आधी निघायचं होतं. तरीही चढाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत सगळे पुढे गेले होते.

तिथे एका घरासमोर टाकी आणि नळ होता. मी बाटली भरत असताना घरातली म्हातारी बाहेर आली. काळा स्कर्ट, पुरुषी स्वेटर, हातात ताटली. ताटलीत भाजलेली रताळी, साल फुटून मध गळावा तशी. हा मुलूख रताळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिने ताटली माझ्यापुढे धरली.

पोटात कावळे ओरडत होते. आणि माझ्या तोंडून, काही विचार करायच्या आत, अगदी गोड हसून निघालं, “नाऊं, ओब्रिगादा (नको, आभारी आहे).”

तिने मान डोलावली आणि ताटली घेऊन आत गेली. दार लावून घेतलं.

मी नळापाशी तशीच उभी राहिले. दुसरा आग्रह आलाच नाही.

तेवढ्यात मागून व्हॅन आली. रुईने काच खाली केली. “पुढे चढ मोठा आहे. येताय?”

“नाही.”

“बरं,” तो म्हणाला, आणि पुढच्या वळणावर व्हॅन दिसेनाशी झाली.

पहिला टप्पा जमला. सगळ्यात हलका गियर, नजर पुढच्या चाकावर, मॉलचं पार्किंग आठवत. मग निलगिरीची झाडं सुरू झाली, त्यांची सावली असून नसल्यासारखी, आणि एका वळणावर पेडल फिरेनासं झालं. गुडघा ठणठणीत होता. संपलं होतं ते पोटातलं. ओआरएस प्यायले, पण त्याने भूक भागत नाही. सायकल कठड्याला टेकवली आणि बसले. खिशात फोन होता, त्याला रेंजही होती. रुईला फोन केला असता तर तो कसंही करून आला असता. संध्याकाळी अविनाशने विचारलं असतं, मी सांगितलं असतं, आणि तो अतिशय प्रेमाने म्हणाला असता, “बरं केलंस.” ते ‘बरं केलंस’ मला आत्ताच ऐकू येत होतं.

वर गाव किती लांब ते माहीत नव्हतं. खालचं घर किती लांब ते माहीत होतं.

मी सायकल वळवली. रडतखडत मिळवलेली सगळी उंची काही मिनिटांत वाऱ्यावर गेली, आणि मी त्या म्हातारीच्या दारावर थाप मारली.

परक्या घराचं दार वाजवून खायला मागणं मी आयुष्यात केलं नव्हतं. भुकेसाठी शब्द तेवढा पाठ होता. “फोम (भूक),” मी म्हटलं आणि पोटावर हात ठेवला.

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग बोट हलवत मघाचं माझं ‘नाऊं’ माझ्याच गोड आवाजात म्हणून दाखवलं, अगदी माझ्यासारखं हसून. भुवया उंचावल्या: मग ते काय होतं?

“सीं,” मी म्हटलं. “सीं, सीं (हो, हो).”

तिने मला आत ओढलं. ओट्याशी बसवलं, ताटली पुढे ठेवली, जाडं मीठ दिलं. नाव विचारल्यावर कळलं, आल्दा. एक रताळं संपलं तेव्हा तिने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. मी हो म्हटलं. तिसऱ्याला खरंच नको होतं. नको म्हटलं, आणि तिने ताटली उचलली. कोणाच्याच मनात काही राहिलं नाही. निघताना मात्र तिने न विचारता दोन रताळी माझ्या मागच्या खिशात कोंबली. आजीपणाचा तेवढा हक्क सगळ्या देशांत असावा.

तोच चढ दुसऱ्यांदा चढले. कठड्याची ती जागा आली, गेली. दोन ठिकाणी उतरून सायकल ढकलली. तेही माझेच पाय होते. मार्मेलेतला पोचले तेव्हा इतरांची कॉफी चालली होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण मी कुठे होते हे कोणालाच माहीत नव्हतं. रुईने माझं सूप झाकून ठेवलं होतं.

“अजून पाव?” त्याने विचारलं.

“हो,” मी ताबडतोब म्हटलं.

साग्रेशच्या टोकावर जमीन एकाएकी संपते. दीपस्तंभ, वारा आणि तिन्ही बाजूंना पाणी. मी सायकलचा फोटो काढला, माझा नाही. अविनाशला पाठवला. त्याचं उत्तर आलं: “व्हॅन कुठाय?” मी लिहिलं: “आहे कुठेतरी.”

परतल्यानंतरच्या रविवारी धम्मचक्र प्रवर्तन दिनाचं जेवण होतं. व्यवस्था या वर्षी दुसऱ्यांकडे होती. मी हॉलवर सायकलने गेले. बुद्धवंदना झाली, पंगत बसली, आणि रत्नमालाकाकू पुरणपोळ्यांचा डबा घेऊन माझ्यापाशी आल्या.

“घे गं, अजून एक.”

“नको, काकू.”

पोळी ताटात पडली. मी ती उचलून परत डब्यात ठेवली.

“अगं बाई,” काकू म्हणाल्या. “पोर्तुगालला जाऊन उद्धट झाली ही.”

“वडाभात द्या ना. तो हवाय.”

काकूंनी पोळ्यांचा डबा खाली ठेवून भाताचं पातेलं ओढलं. “मग आधी तसं बोलायचं,” म्हणून त्यांनी भात वाढला, त्यावर डाळीचे वडे कुस्करले, वरून हिंगाचं तेलही. मी म्हटलं, पुढच्या वर्षी जेवणाचं मी बघणार. “गुडघा?” त्यांनी विचारलं. मी शेजारी ठेवलेलं हेल्मेट दाखवलं. “बघ मग,” काकू म्हणाल्या.

बाहेर आले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. अविनाशने गाडी माझ्याशेजारी आणून काच खाली केली. मागची सीट त्याने आधीच पाडून ठेवली होती, सायकल मावेल अशी.

“पाऊस येणार आहे. येतेस?”

“नको.”

त्याचं तोंड उघडलं. पुढचं वाक्य ओठांवर आलेलं मला दिसलं. मग त्याने तोंड मिटलं, काच वर केली आणि गाडी काढली. सिग्नलला गाडीचा डावा दिवा लुकलुकला आणि तो वळून गेला.

मी हेल्मेटचा पट्टा ओढला. वारा समोरून होता. रस्त्याच्या कोपऱ्यावर पहिला थेंब अंगावर पडला.