दहापैकी चार

आईच्या पाठीवर डावीकडे फोड उठले, तेव्हा मुलुंडच्या आमच्या सोसायटीने एकमताने निदान केलं: नागीण. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातं, हे आमच्या कोकणातल्या घरांत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी साकीनाक्याच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करणारा, स्वतःला शहाणा समजणारा माणूस. तरी तिला स्कूटरवर बसवून गेरू लावणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेलं ते मीच. सलग पाच दिवस. सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "पहिल्या दोन-तीन दिवसांत यायला हवं होतं."

फोड सुकले, खपल्या पडल्या. मी म्हटलं, सुटलो. आईचं मात्र दुखतच राहिलं. पाठीला नुसता ब्लाउज लागला तरी आग आग व्हायची. घरच्या सत्यनारायणाला ती ढगळ गाऊनमध्येच येऊन बसली, तेव्हा पाहुण्यांसमोर मी खेकसलो, "फोड जाऊन सहा महिने झाले. आता काय दुखतंय? नाटकं पुरे." ती आत गेली आणि साडी नेसून आली. आरती होईपर्यंत ताठ बसली. मला वाटलं, बघा, जमतंय की.

घाटकोपरच्या पेन क्लिनिकमध्ये बायकोने आम्हाला बळेच पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी आईला विचारलं, "दहापैकी किती दुखतं?"

"चार."

मी 'बघितलंत?' अशा नजरेने बाईंकडे पाहिलं. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. दार नीट लागलं नव्हतं.

"आता सांगा."

"दहा," आई म्हणाली. "झिलासमोर कसा सांगू? तेनाच माका गेरू लावूक नेल्यान. तेच्या जीवाक लागात."

नंतर बाईंनी मला समजावलं. बोट कापलं की दुखतं, ते दुखणं कामाचं; जखम भरली की थांबतं. आईची जखम भरली होती, पण नसच बिघडली होती. ती अजून खबर देत होती, आणि दुखणं अगदी खरं होतं. सेन्सर बिघडला की काही झालेलं नसताना भोंगा वाजत राहतो, हे मी कारखान्यात रोज बघायचो. आईच्या बाबतीत मात्र डोकं गहाण पडलं होतं.

गोळ्या झाल्या, बधिर करणाऱ्या पट्ट्या झाल्या, मणक्याजवळ इंजेक्शन झालं. दहाचे सहा झाले, त्याखाली कधी उतरलं नाही. मी माफी मागायचं रोज ठरवायचो. विषय काढला की ती म्हणायची, "चाय ठेवू?"

गेल्या वर्षी हृदय बंद पडून ती गेली. शेवटची आंघोळ घालायला नात्यातल्या बायकांनी तिला कुशीवर वळवलं आणि एकीने पाठीवर हात टेकवला.

"डावीकडे हळू," मी दारातून म्हणालो, "तिथे तिला दुखतं."

सगळ्या थांबल्या. चार माणसांसमोर हे मी पहिल्यांदाच बोललो होतो.