मोडावरचा क्लच

आमच्या क्वार्टरांच्या ओळीत कुणीही मोटरसायकल घेतली, की लिंबू-नारळ झाल्यावर ती आधी देवाजी हटवारांच्या दारात यायची. लायसनचं नंतर बघू, देवाजीभाऊ आधी. भिलाईच्या प्लांटात त्यांची सगळी उमर क्रेनवर गेली. वितळलेल्या पोलादाची बकेट उचलून इकडची तिकडे न्यायची, खाली माणसं कामाला असतात, तेव्हा ते काही खायचं काम नव्हे. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. साकोलीकडचा धानाचा बांध सोडून आलेला माणूस, पण चहाला बसला की क्रेनशिवाय दुसरा विषय नाही. मला त्या बढाईचा कंटाळा यायचा, हे खरं. शिकवायचे मात्र जीव लावून.

क्रेनची एक रीत असते. बकेट जागेवर पोचायच्या आधीच कंट्रोलर शून्यावर आणायचा. उरलेलं अंतर भार आपल्या ओढीनं सरकतो. ऐन वेळेपर्यंत पॉवर चालू ठेवली तर बकेट झुलते आणि पोलाद सांडतं. देवाजीभाऊंनी हीच रीत मोटरसायकलला लावली. "मोड आला का पावर काढ," असं ते प्रत्येकाला घोकायला लावत. म्हणजे वळणाच्या आधी क्लच दाबायचा, इंजिनाचं ओझं चाकावरून काढायचं आणि गाडी तशीच वळवायची. वर पेट्रोलही वाचतं म्हणायचे. सेक्टरच्या रस्त्यांवर बैलगाडीच्या चालीनं वळताना ते खपून जाई. आम्ही सगळे तसंच शिकलो आणि तसंच चालवत राहिलो.

त्यांचा एकुलता एक मुलगा कमलेश हथखोजच्या एका कारखान्यात होता. बापाचा पहिला चेला तोच. कामावर जाताना हथखोजच्या मोठ्या वळणावर त्याची गाडी रस्ता सोडून बाहेर गेली, कडेच्या खडीत, गिट्टीत घसरली आणि विजेच्या खांबावर आदळली. तो जागीच गेला. घरात त्याची बायको दामिनी, लहानगी मुलगी मोना आणि म्हातारी आई मनकर्णाबाई. त्या दिवसांबद्दल लिहायला माझा हात अजूनही धजत नाही.

गिट्टीनं घात केला असं सगळे म्हणाले. वळणावर चहाची टपरी चालवणारी शेवंता तेवढी वेगळं सांगत होती. ती म्हणायची की रोज त्या वळणावर गाड्यांचा घर्रर्र आवाज येतो, पण कमलेशची गाडी मुकाट्यानं आली आणि मुकाट्यानं बाहेर गेली. बाईमाणसाचं बोलणं म्हणून कुणी कान दिला नाही. देवाजीभाऊ मात्र ते ऐकून रस्त्याच्या कडेला खाली बसले. आवाज नाही म्हणजे क्लच दाबलेला होता. इंजिनाची पकड सुटली की गाडी आवरत नाही, वळणाबाहेर पळते. त्यांच्या ध्यानात तेव्हाच आलं. पण त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही; मलाही ते फार पुढं कळलं.

त्यानंतर त्यांनी कुणालाही शिकवलं नाही. स्वतःही गाडीला हात लावला नाही. सुपेल्याच्या बाजारात जायचं तर पायी जात. पूर्वी आम्ही त्यांच्या क्लचच्या घोकणीवरून थट्टा करायचो, जित्याची खोड म्हणायचो. ती म्हण आता आमच्या ओळीत कुणी तोंडातून काढत नाही.

मग दामिनीला त्याच कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. सुपेल्यापर्यंत ऑटो मिळे, पुढं मिळाला तर मिळाला. कमलेशची गाडी दुरुस्त होऊन मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. दामिनीनं सासऱ्याला, तिच्या मामाजींना, सांगितलं की मला गाडी शिकवा. देवाजीभाऊ टाळायला लागले. कधी चेन सैल, कधी गुडघा धरला, कधी ऊन. मनकर्णाबाई चिडल्या, मी त्यांच्याहून चिडलो. सून गाडीवर बसली तर यांचं नाक कापलं जाणार आहे की काय, असं मला वाटलं, आणि मी ते तोंडावर बोललो. ते उठून मागच्या अंगणात गेले आणि ताडपत्रीची दोरी आवळत बसले. तेव्हा मात्र मला थोडं चरकल्यासारखं झालं.

शेवटी एका रविवारी सकाळी ते तिला घेऊन मैदानावर आले. मी कडेच्या कट्ट्यावर बसलो होतो. गाडी चालू करणं, गिअर टाकणं, सरळ जाणं तिला चटकन जमलं. पुढच्या रविवारीही तेच. वळायची वेळ आली की ते गाडी थांबवायला लावत, हातानं फिरवून देत आणि पुन्हा सरळ पाठवत. असं कुणी कधी गाडी शिकलंय का? त्या बाईला रोज हथखोजचं वळण घ्यायचं होतं आणि हे तिला वळणच शिकवत नव्हते.

तिसऱ्या खेपेला दामिनीनं गाडी बंद केली, पण उतरली नाही.

"मामाजी, मोडावर क्लच दाबू का नोको दाबू?"

देवाजीभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी हँडलवर हात ठेवला. मला वाटलं, आता ऊन फार झालं म्हणतील आणि घरी जातील.

"नोको दाबू," ते म्हणाले. "मोडाच्या आंधीच गाडी हळू कर, गिअर उतरव, अन् क्लच सोडून दे. रेस जराशी चालूच ठेव. इंजिन गाडीले धरून ठेवते. म्या साऱ्याइले उलटं शिकवलं, बाई. कमलेशलेबी. तो गिट्टीनं नाही गेला. माह्या शिकवण्यानं गेला."

कट्ट्यावर मला सगळं ऐकू येत होतं. सासरा-सुनेत काय बोलावं याचाही एक रिवाज असतो आमच्यात. असलं तर कुणीच कुणाशी बोलत नाही.

दामिनी रडली नाही. ती म्हणाली, "मले मालूम हाय. मी मांगं बसत होती ना. दर मोडावर गाडी हलकी पडे. म्या त्यायले मनलं, क्लच नोका दाबत जाऊ. तर हासले. मने, बाबाच्या बकेटीतून कधी थेंब सांडला नाही."

देवाजीभाऊंनी विचारलं, "मंग माह्याजवळ कावून शिकून राहिली?"

"मले पाह्याचं होतं, मोडावर तुमी मले काय शिकवता ते." आणि ती पुढं म्हणाली, "राग हाय, मामाजी. खोटं नाही बोलत. पण आज तुमी क्लच दाब मनलं असतं ना, तर मी मोनाले घेऊन माह्येरी गेली असती."

एवढं बोलून तिनं गाडी चालू केली आणि त्यांना मागं बसायला सांगितलं. ते नाही म्हणतील असं मला वाटलं होतं, पण ते बसले. वळणं तिनं मैदानातच घेतली, गिरक्यावर गिरक्या, घामाघूम होईपर्यंत. ते मागून सांगत होते, ती ऐकत होती. तो सगळा महिना त्यांचा असाच गेला.

मग ती त्यांना घेऊन हथखोजच्या रस्त्याला लागली. पुढचं मला देवाजीभाऊंनी स्वतः सांगितलं, आणि सांगताना त्यांचा डावा हात मांडीवर तळवा वर करून पडला होता. वळण दिसलं तशी तिनं गाडी हळू केली, गिअर उतरवला, क्लच सोडला. गाडी कलली. इंजिनाचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत तुटला नाही. शेवंतानं टपरीतून मान वर करून पाहिलं.

देवाजीभाऊंची डावी, क्लचची मूठ मात्र वळण येताच आपोआप आवळली होती. मुठीत सीटमागचा दांडा होता. तो त्यांनी वळण संपेपर्यंत दाबून धरला, आणि गाडी सुनेच्या हातात नीट चालत राहिली.